नाशिकच्या द्राक्ष काढणीच्या उत्सवाचा इतिहास काय? गावात त्याची जुनी परंपरा आहे का?

जुनी परंपरा नाही. निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात यात्रा भरतात त्या देवादिकांच्या, द्राक्षाच्या नाहीत. मुळात हे पीकच इथं फार जुनं नाही. १९२५ साली ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांनी द्राक्षाची सुरुवात केली, तिथपासून नाशिकच्या द्राक्षशेतीचा इतिहास सांगतात.

खरी अडचण वेळेची आहे. ऑक्टोबरात गोड्या बाराची, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी करायची आणि साधारण जानेवारी ते एप्रिल काढणी. निफाडला पारा घसरला की मण्यांना तडे जायची भीती, पुढं अवकाळी पाऊस नाहीतर गारपीट. माल वेलीवर असताना बागायतदाराला उत्सव सुचेल कसा? माल गेला, व्यापाऱ्याचे पैसे हातात पडले (पडले तर!) की मग मोकळीक. रामनवमी ते चैत्र पौर्णिमा सप्तशृंगगडावर चैत्रोत्सव असतो, तो नेमका याच सुमारास येतो. तिकडून परतलं की काढणीनंतरची, एप्रिलची खरड छाटणी आहेच.

तुम्ही ज्या उत्सवाबद्दल ऐकलंय तो बहुतेक नाशिकच्या सुला या वाइन कंपनीचा सुलाफेस्ट. राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर वाइनची द्राक्षं लावली, २००० साली सुलाची पहिली वाइन बाजारात आली आणि २००८ पासून फेब्रुवारीच्या आसपास हा महोत्सव भरू लागला. संगीत, खाणं, वाइन आणि मुंबई-पुण्याची गर्दी. कोरोनानंतर काही वर्षं तो बंद होता, २०२५ मध्ये पुन्हा झाला.

वायनरीत हंगामात पाहुण्यांना हौदात उतरून द्राक्षं तुडवायला देतात, फोटोही झकास येतात. प्रत्यक्षात वाइनसाठी द्राक्षं यंत्रानंच चिरडतात. मला मात्र ते बघताना निर्यातीच्या बागेतली काढणी आठवते. तिथं मजूर बायका घड देठाला धरून कात्रीनं कापतात, मण्याला बोटसुद्धा लागू देत नाहीत, कारण त्यावरची पांढुरकी लव, म्हणजे मेणासारखा नैसर्गिक थर, पुसली की मालाची किंमत उतरते. अर्थात ती थॉमसन-सोनाकासारखी खायची द्राक्षं. वाइनची शेनिन ब्लांक, शिराज वगैरे वेगळी, बारीक मण्यांची आणि बियांची.

भक्तीचा द्राक्ष महोत्सव बघायचा असेल तर गंमत म्हणजे पुण्याला जावं लागेल. दगडूशेठ गणपतीला द्राक्षांची आरास करतात, तिला नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकरी कंपनीची द्राक्षं गेलेली आहेत.

नुसती काढणीच बघायची असेल तर फेब्रुवारीत पिंपळगाव बसवंत किंवा दिंडोरीकडे सकाळी लवकर या. ऊन चढायच्या आत तोडणी उरकलेली असते. ओळखीचा बागायतदार असेल तर उत्तम, आणि विचारल्याशिवाय घडाला हात लावू नका.