नावे पुसली जातात ती पावसाने नव्हे

प्रश्न : ताई, गेल्या वर्षी मिरचीच्या रोपांना आइस्क्रीमच्या काड्यांवर मार्करने नावे लिहून लावली. चतुर्थीपर्यंत अक्षरे गेली, काड्या कुजल्या. आता खोल्याची मिरची कुठली नि हरमलची कुठली, कळत नाही. टिकाऊ पाट्या घरी कशा कराव्यात?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : तुम्ही मिरचीवर सुटलात. मी डिचोलीच्या आमच्या परसात आंब्याची चार कलमे लावली होती. कागदी चिठ्ठ्या भिजू नयेत म्हणून शहाणपणाने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळल्या. आत पाणी साचून जुलैतच लगदा! खायचा मानकुराद समजून ज्याचे चार वर्षे लाड केले, तो जॅमचा मुसराद निघाला. मांगाड (आंब्याचा जॅम) झकास झाले, पण मानकुरादची वाट पाहणाऱ्या माणसाला मांगाड काय करायचे?

मार्करची शाई पावसापेक्षा उन्हाने उडते. म्हणून साधी शिसपेन्सिल घ्या. तिच्यातले शिसे म्हणजे धातू नव्हे, ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनच; ऊन त्याचे काही बिघडवत नाही. श्रीखंडाच्या पांढऱ्या डब्याच्या पट्ट्या कापा, पॉलिश पेपरने गुळगुळीतपणा घालवा आणि 2बी पेन्सिलीने दाबून लिहा. कुंडीत पट्टी जवळजवळ पूर्ण खोचून टाका, नेहमी एकाच बाजूला. दिसत नाही, पण तिला ऊन लागत नाही नि कोंबड्याही उपटत नाहीत.

आंबा, फणस, जायफळ अशा वर्षानुवर्षांच्या झाडांना मात्र पत्राच हवा. सॉफ्ट ड्रिंकचा रिकामा कॅन जुन्या कात्रीने कापा (कडा ब्लेडसारख्या असतात, दुमडून घ्या). पट्टी जाड वर्तमानपत्रावर ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने नाव कोरा. शाईच नाही, तर उडणार काय? नावाखाली लावल्याची तारीख आणि कलम कुठून आणले तेही लिहा.

एक चूक करू नका. ही पट्टी तारेने खोडाला आवळून बांधू नका. खोड जाड होत जाते, तार सालीत रुतते आणि वरचा भाग सुकतो. बाजूच्या डहाळीला सैल फास द्या आणि दर पावसाळ्याआधी तो आणखी सैल करा.

कौलांच्या तुकड्यांवर ऑइल पेंटने लिहिलेले सुंदर दिसते, पण ऑगस्टपर्यंत त्यावर शेवाळ चढते. रंगवलेल्या गोट्यांविषयी मी काही बोलत नाही, आमच्या सुनेने केले आहेत.

आणि त्या मिरच्यांचे बी धरू नका. दोन्ही शेजारी होत्या, मधमाश्यांनी परागांची सरमिसळ केलेली असू शकते. खोला गाव ज्या काणकोण तालुक्यात आहे, तिथले कुणी ओळखीचे असेल तर खोल्याचे बी नव्याने मागवा, आणि पट्टी पेरायच्या दिवशीच खोचा. रोप वर आल्यावर खोचू म्हणाल, तर पुढच्या वर्षी पुन्हा पत्र लिहाल.