रुपयाच्या नाण्याची कड कापलेली आहे. टांकसाळीतली चूक की नंतरची मोडतोड?

आधी वजन करा, ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. १९९२ ते २००४ मधला पोलादी रुपया २५ मिमी व्यासाचा आणि ४.८५ ग्रॅमचा असतो. वजन कमी भरलं म्हणजे धातू गेलाय, पण कधी गेला ते त्यावरून कळत नाही.

ते कापाच्या समोरच्या कडेवर कळतं. पट्टीतून चकत्या कापताना आधीच्या भोकावर पुढचा काप पडला की चंद्रकोरीसारखी खाच असलेली चकती तयार होते. तिची कड उठवताना खाचेपाशी आधार नसल्याने बरोबर समोरच्या बाजूला दाब पुरत नाही, आणि तिथली उठावदार कड पुसट किंवा गायब दिसते. शिवाय ठसा नंतर पडतो, म्हणून खाचेलगतची अक्षरं तिच्याकडे ओघळल्यासारखी, ताणलेली दिसतात. दहापट भिंगातून पाहा: अक्षर मधेच सरळ छाटलेलं असेल, कापावर कानशीचे ओरखडे किंवा धार असेल आणि समोरची कड धडधाकट असेल, तर ते नंतर कापलेलं नाणं आहे. क्वचित खऱ्या खाचेतही समोरची कड शाबूत राहते, म्हणून दोन्ही खुणा मिळूनच निर्णय घ्या.

उलटी, खोलगट अक्षरं दिसली तर दुसरी बाजू तपासा. ती चपटी झाली असेल, तर बहुधा दोन नाणी शेगड्यात (आवळून धरणाऱ्या लोखंडी पकडीत) एकमेकांवर दाबलेली आहेत. अशा नाण्यासाठी जास्तीचे पैसे मुळीच देऊ नका.