नवरा फार घोरतो, झोपेत मध्येच श्वास थांबतो. मशीन लावावंच लागेल का?

ताई, नुसतं घोरणं वेगळं आणि श्वास थांबणं वेगळं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते, मेंदू दचकून जागा होतो आणि माणूस खर्रकन श्वास ओढतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. हा स्लीप ॲप्निया असू शकतो. आधी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, करून घ्या. तासाला 5 ते 15 वेळा श्वास अडकला तर सौम्य, 30 च्या वर तीव्र.

मशीनला मात्र घाबरू नका. पूर्वी तीव्र रुग्णांच्या गळ्याला भोक पाडावं लागे. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा सततचा दाब देऊन घसा उघडा ठेवून दाखवला. 5 रुग्णांवरचा तो अभ्यास 1981 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आजचं सीपॅप मशीन तेच. किती मोठी सुटका ही!

सौम्य असेल तर वजन उतरवून, कुशीवर झोपूनही फरक पडतो. दारू बंदच. झोपेच्या गोळ्या मनाने देऊ नका. आणि दिवसा डुलक्या येत असतील तर तपासणी होईपर्यंत त्यांना गाडी चालवू देऊ नका.