चित्रपटातले हॅकर घुसल्याबरोबर स्क्रीनवर कवटी का नाचवतात? खरे हॅकर असं करतात का, आणि माझ्या लॅपटॉपवर असं काही आलं तर काय समजायचं?

घुसखोरी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून. तिजोरी फोडताना निदान ठिणग्या उडतात. संगणकात शिरणारा माणूस नुसता टाइप करत बसलेला असतो. मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला कळणार कसं? 'इंडिपेन्डन्स डे'मध्ये (१९९६) परग्रहवासीयांच्या यानात व्हायरस पोचतो आणि त्यांच्या पडद्यावर चाच्यांची कवटी हसू लागते.

हे अगदीच हवेतलं नाही. जुने व्हायरस खरोखर मिरवायचे. डॉसच्या काळातल्या कॅस्केडने पडद्यावरची अक्षरं पानगळीसारखी गळून तळाशी साचायची. १९८६ च्या 'ब्रेन'मध्ये तर तो लिहिणाऱ्या लाहोरच्या दोन भावांनी स्वतःची नावं, पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातला होता!

चोरीचा पैसा यात आला आणि मिरवणं मागे पडलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून ८.१ कोटी डॉलर गेले. ढाक्यातल्या कर्मचाऱ्यांना काय दिसलं? व्यवहारांचे कागद छापणारा प्रिंटर बंद आहे, एवढंच. प्रिंटर काय, बिघडतोच, असं त्यांना वाटलं. तो चोरांनीच गप्प केला होता. आपल्या पुण्यात कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी रुपये गेले (ऑगस्ट २०१८), तेव्हाही कुठे कवटी नाचली नाही. इराणच्या नतान्झ अणुकेंद्रात स्टक्सनेट नावाचा व्हायरस युरेनियम समृद्ध करणारी सेंट्रिफ्यूज यंत्रं बिघडवत होता आणि नियंत्रण कक्षात मात्र आधी नोंदवून ठेवलेले नेहमीचे आकडे दिसत होते. सगळं ठीक दाखवणारा तो पडदा मला कुठल्याही कवटीपेक्षा भयंकर वाटतो.

कवटी खरोखर दिसल्याचं ठळक उदाहरण आहे सोनी पिक्चर्सचं. २४ नोव्हेंबर २०१४ ला कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर लालभडक सांगाडा आणि धमकी झळकली. पण तोवर ढीगभर डेटा बाहेर गेलेला होता. चित्रपट क्रम उलटा करतात तो इथे: पडद्यावर कवटी चोर शिरताना येते, सोनीत ती काम उरकल्यावर आली. खंडणीवाल्यांचंही तेच. मे २०१७ च्या वॉनाक्राय या फाइली अडकवणाऱ्या व्हायरसची लाल खिडकी ३०० डॉलर मागायची, शेजारी वेळ उलटा मोजला जायचा. फाइली मात्र आधीच कुलूपबंद झालेल्या असत. खंडणीवाल्यांना सांगावंच लागतं, नाहीतर पैसे कोण देणार?

आता तुमच्या लॅपटॉपचं. माझ्या मामांच्या स्क्रीनवर गेल्या वर्षी असंच आलं: सगळं लाल, कर्कश भोंगा, "तुमचा संगणक हॅक झाला आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा". मामांनी फोन लावला. पलीकडचा गोड आवाजात स्क्रीन दिसू देणारं अ‍ॅप टाकायला सांगू लागला, तेवढ्यात मामींनी हातातून फोन काढून घेतला म्हणून निभावलं. तोवर लॅपटॉपमध्ये कोणीही शिरलेलं नव्हतं. ते एक साधं वेबपान होतं, चोराला आत घेणार होते ते मामाच. म्हणून असं काही दिसलं तर त्या नंबरवर फोन करू नका. ब्राउझर बंद करा. होत नसेल तर मशीन बंद करून पुन्हा सुरू करा आणि ते पान परत उघडू देऊ नका. पैसे गेलेच असतील, तर उद्यावर न टाकता लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा आणि बँकेलाही कळवा.