मोटारीच्या पाटीवर ५० हर्ट्झ लिहिले आहे, मग १४४० आरपीएमचे २४ हर्ट्झच का येतात?

आपला प्रश्न असा आहे की, चार पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) थ्री-फेज मोटारीच्या पाटीवर ५० हर्ट्झ आणि १४४० आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) असे दोन्ही आकडे आहेत, परंतु १४४० ला ६० ने भागल्यास २४ हर्ट्झ येतात. तर चूक भागाकारात आहे की पाटीत? चूक कुठेच नाही. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा, एवढेच. काय किती वेळा, हे ते एकक सांगत नाही. पाटीवरचे ५० हर्ट्झ वीजप्रवाहाच्या आवर्तनांचे आहेत आणि आपले २४ हर्ट्झ शाफ्टच्या, म्हणजे मोटारीच्या फिरणाऱ्या दांड्याच्या, फेऱ्यांचे.

चार पोल म्हणजे पोलच्या दोन जोड्या असल्यामुळे विजेची दोन आवर्तने झाली की चुंबकीय क्षेत्राची एक फेरी पूर्ण होते, म्हणून ते क्षेत्र सेकंदाला २५ आणि मिनिटाला १५०० फेऱ्या मारते. रोटर, म्हणजे मोटारीचा फिरणारा भाग, त्याच्या थोडा मागे राहतो, कारण तो मागे राहिला नाही तर त्यात प्रवाहच निर्माण होणार नाही. मिनिटाला ६० फेऱ्यांची ही तूट म्हणजेच स्लिप.

हर्ट्झमधले किलो-मेगाचे रूपांतर सोपे आहे. आकाशवाणी मुंबईच्या अस्मिता वाहिनीचे ५५८ किलोहर्ट्झ म्हणजे ०.५५८ मेगाहर्ट्झ. मात्र मेगासाठी मोठा एम आणि मिलीसाठी छोटा एम वापरतात, आणि त्यांची अदलाबदल झाल्यास उत्तर एक अब्ज पटींनी चुकते.

खरी काळजी रेडियन प्रति सेकंद या एककाची घ्यावी. एका फेरीत २π रेडियन असतात, म्हणून २४ हर्ट्झचे १५०.८ रेडियन प्रति सेकंद होतात. ३.७ किलोवॅटच्या मोटारीचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, काढताना ३७०० ला १५०.८ ने भागावे लागते आणि उत्तर सुमारे २४.५ न्यूटन-मीटर येते. तिथे चुकून २४ ने भागले, तर १५४ येतील आणि त्या हिशेबाने घेतलेले कपलिंग (शाफ्ट जोडणारा भाग) विनाकारण मोठे व महाग पडेल.

मी नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत देखभालीचे काम करतो. एकदा अशाच चार पोलच्या मोटारीवर ऑप्टिकल टॅकोमीटरने (प्रकाशाच्या मदतीने वेग दाखवणाऱ्या यंत्राने) २८९२ आरपीएम दाखवले. दोन पोलच्या मोटारीला हा आकडा इतका शोभणारा होता की, पाटी चुकीची लागली असावी असे आम्ही जवळपास ठरवूनच टाकले होते. मोटार बंद करून, शाफ्टवरचे ग्रीस पुसून हाताने फिरवून पाहिले, तेव्हा आम्ही लावलेल्या चकाकत्या पट्टीच्या बरोबर समोर आधी कोणीतरी लावलेली जुनी पट्टी सापडली. टॅकोमीटर फेऱ्या मोजत नव्हता, प्रकाशाची तिरीप किती वेळा परत आली हे मोजत होता, आणि ती प्रत्येक फेरीत दोनदा येत होती. जुनी पट्टी खरवडून काढली आणि त्याच लोडवर पुन्हा मोजले, तेव्हा आकडा १४४६ आला.