'गेट'चे आधी तीनच अर्थ धरा

इंग्रजीतलं 'गेट' (get) शिकताना दमायला होतं, असं तुम्ही म्हणता. शब्दकोशातले त्याचे सगळे अर्थ पाठ करायला बसलात, म्हणून दमलात. ते आधी थांबवा. (फाटकाचं गेट वेगळं. त्याचा उच्चार लांब, याचा आखूड.)

सुरुवातीला एवढंच धरा:

१. मिळणं: 'आय गॉट अ लेटर', पत्र मिळालं. ('गॉट' हा 'गेट'चा भूतकाळ.)
२. पोहोचणं: 'वी गॉट टू पुणे ॲट नाइन.'
३. होणं: 'इट्स गेटिंग डार्क', अंधार पडतोय.

तिसऱ्यावर जास्त वेळ द्या, खरी गंमत तिथेच आहे. 'आय ॲम टायर्ड' म्हणजे दमलोय, 'आय ॲम गेटिंग टायर्ड' म्हणजे दमत चाललोय. भिजलो, 'गॉट वेट'. लग्न झालं, 'गॉट मॅरिड'. आपल्याकडे प्रत्येकाला वेगळं क्रियापद, तिथे एकटा 'गेट' पुरतो.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे 'गॉट टू होम'. होमच्या आधी 'टू' येत नाही, नुसतं 'गॉट होम' म्हणा. दुसरी, बसमधून 'गेट डाउन'. भारतात ते सर्रास चालतं, पण ब्रिटन-अमेरिकेत 'गेट ऑफ द बस' म्हणतात आणि कारमधून उतरताना 'गेट आउट ऑफ द कार'. 'गॉटन' दिसलं तर बिचकू नका, ते 'गेट'चंच रूप, अमेरिकेत जास्त चालतं.

'गेट बाय', 'गेट अवे विथ' वगैरे मंडळी तूर्त बाजूला ठेवा. आठवडाभर रोज आपल्या दिवसातली तीन वाक्यं 'गेट' वापरून लिहा आणि मला पाठवा. मी नक्की तपासून देईन.