गाईंना नाताळची सुट्टी नसते

*पत्र थोडक्यात: लग्नानंतर मी शेतावर राहते. १४ दुभत्या गाई, काही शेळ्या, एक कुत्रा. गेल्या नाताळला आई, भाऊ-वहिनी, बहीण आणि पाच मुलं इथे आली. माहेरच्या शिरस्त्याप्रमाणे संध्याकाळी सहाला पानं वाढली आणि पहिल्या घासालाच नवरा धार काढायला उठला. भाऊ म्हणाला, "एक दिवस गाईंना सुट्टी द्या की!" सगळे हसले. मी भांड्यांच्या निमित्ताने आत जाऊन रडले. मुलांनी वासराच्या गळ्यात चमकीची माळ घातली, शेळ्यांना केक चारला. यंदा पुन्हा सगळे येतो म्हणताहेत. आईचं वय झालंय. नाही म्हणू का? – दावणीला बांधलेली*

ताई,

टोपणनाव वाचून आधी हसू आलं. मग पत्र पुन्हा वाचलं आणि एका ठिकाणी अडखळले. धारेची वेळ सहाची, हे तुम्हाला लग्नापासून ठाऊक आहे. मग सहाला पानं कुणी वाढली? तुम्हीच.

रागावू नका. मला वाटतं, त्या दिवशी तुम्हाला माहेरचा नाताळ जसाच्या तसा उभा करायचा होता. आईला दाखवायचं होतं की इथेही सगळं तसंच आहे. पण ते तसं नाही, आणि ते लपवायच्या नादात नवरा भर पंगतीत उठून जाणारा माणूस ठरला. त्याच्याशी याबद्दल बोललात का? पत्रात तसं दिसत नाही. आधी तिथून सुरुवात करा.

भावाच्या वाक्याचं म्हणाल तर ते त्याने अज्ञानातून म्हटलं असावं, तरी लागायचं ते लागलंच. तुमचे अख्खे वर्षाचे कष्ट एका विनोदात निघाले. हे त्याला सांगायलाच हवं, पण पंगतीत नको. फोन करा आणि सरळ सांगा: गाय दिवसातून दोनदा, साधारण बारा-बारा तासांनी पिळावी लागते. धार चुकली तर कास ताठते, दूध गळायला लागतं, गाय कळवळते आणि कासदाहाचा धोका वाढतो. आमच्या धंद्यात सुट्टी घ्यायची तर दुसरं कुणीतरी कासेखाली बसावं लागतं. पुढचं वाक्य तुम्हाला जमलं तर हसत म्हणा: "तू बसतोस का?"

तो धार्मिक वळणाचा असेल तर आणखी एक गोष्ट ऐकवा. लूकच्या शुभवर्तमानात जन्माची बातमी सगळ्यांत आधी कळते ती रात्री कळप राखत बसलेल्या मेंढपाळांना. कामावरच होते बिचारे. (तिथे बैल आणि गाढवाचा उल्लेखही नाही, बाळाला ठेवलं त्या गव्हाणीचा मात्र आहे. संत फ्रान्सिस ऑफ असिसीने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी येशूजन्माचा देखावा केला, त्यात मात्र खरा बैल आणि खरं गाढव आणलं होतं.) तुमच्याकडे तर खरी गव्हाण रोज भरते.

तेव्हा नाही म्हणू नका. वेळा मात्र गोठ्याच्या ठेवा. मुख्य जेवण दुपारी, दोन धारांच्या मधे. संध्याकाळची धार झाली, नवरा अंघोळ करून आला, की मग भेटवस्तू उघडायच्या. मुलं कुरकुर करतील, करू द्या. वाट पाहायला त्यांना वासरांना दूध पाजायचं काम द्या, कुरकुर आपोआप थांबेल.

आता माळेबद्दल. इथे मी जरा कडक होणार आहे. गाय चावून-निवडून खात नाही. वैरणीबरोबर माळेतल्या तारेचा तुकडा पोटात गेला तर जाळीपोटात, म्हणजे पोटाच्या एका कप्प्यात, अडकतो आणि तिथून थेट हृदयापर्यंत भोसकू शकतो. सजावट गोठ्याबाहेर, तीही तोंड पोचणार नाही इतक्या उंचावर. शेळ्यांना केक किंवा पाव भरमसाट मिळाला तर पोटात आम्ल वाढून त्या आडव्या पडतात. कुत्र्याला चॉकलेट आणि मनुका दोन्ही विषारी, म्हणजे मनुकांचा केकही बाद. मुलांना नुसतं "नको" म्हणू नका, हातात काहीतरी द्या. आदल्या दिवशी प्रत्येकाला एकेक जनावर नेमून द्या आणि तुम्ही काढून ठेवलेल्या चाऱ्याची पेंढी त्याच्या हातात ठेवा. नाताळची भेट म्हणून तीच आपापल्या जनावराला चारायची.

आईला गोठ्याच्या दाराशी खुर्ची टाकून द्या. तुम्ही धार काढताना त्यांनी बहुधा कधी पाहिलेलंच नाही. घरात सगळं माहेरसारखं मांडून जे दाखवता आलं नाही, ते कदाचित तिथे दिसेल. कदाचित म्हणते, कारण काही आया तरीही "किती वाळलीस" एवढंच म्हणतात.

आणि पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंत की एका गाईचं रेतन १६ मार्चला झालंय. गाय सरासरी २८३ दिवसांनी विते. बोटांवर मोजलं तर २४ डिसेंबर येतो. चार-आठ दिवस इकडे-तिकडे होतीलच, पण पाहुणे असतानाच ती विताना अडून बसेल अशी तयारी ठेवा. कोरडा पेंढा, टॉवेल, पशुवैद्यांचा नंबर भिंतीवर. आणि रात्रीच्या राखणीची पहिली पाळी भावाची, हे त्याला आत्ताच कळवा. बॅटरी आणि जुने कपडे त्याने स्वतःचे आणावेत.